वाफेचं उरलेलं पाणी

माझ्या नाकावर आमच्या घरात सगळ्यांचा हक्क होता, फक्त माझा नव्हता. सर्दी मला व्हायची, कपाळ माझं ठणकायचं, डोळ्यांखालची हाडं माझी दुखायची. पण त्यावर काय करायचं हे ठरवायला सासूबाई होत्या, खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण होती, शाळेतल्या बाई होत्या आणि महिन्यातून एकदा फोन करणारी माझी सख्खी बहीणही होती. नवरा काही ठरवायचा नाही. तो हजिऱ्याला कारखान्यात शिफ्टवर जातो. घरात वाद पेटला की ‘तुम्ही दोघी म्हणता तेच बरोबर’ एवढं बोलायचं आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसायचं, ही त्याची जुनी रीत.

मी नवागामकडच्या एका मराठी शाळेत शिकवते. माहेर साताऱ्याकडचं, सासर खानदेशातलं, आणि सासर राहतं सुरतेत. सासूबाई सासऱ्यांच्या मागोमाग इथं आल्या. सासरे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. सासूबाई घरी बसून साड्यांना टिकल्या आणि खडे चिकटवायच्या. बाजारात गुजराती बोलतात, रिक्षावाल्याशी हिंदी बोलतात आणि माझ्याशी अहिराणी. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्या काय म्हणतात ते मला कळायचं नाही, म्हणून आमचं फार चांगलं चाललं. दुसऱ्या वर्षी कळायला लागलं.

सायनसचं दुखणं मला चार-पाच वर्षांपासून. दिवाळीचे फटाके संपले की नाक बंद होतं ते होळीपर्यंत. सुरतेच्या हिवाळ्यात थंडी नावालाच पडते, पण सकाळी धूर मात्र खाली उतरतो आणि दहा वाजेपर्यंत हलत नाही. शाळेला जाताना रस्त्याकडेच्या लूमच्या शेडमधून सुताची बारीक लव उडत असते. वर्गात पोचेपर्यंत माझा आवाज बदललेला असे. मी फळ्यासमोर उभी राहून ‘नमन’ म्हटलं की पोरांना ‘दबद’ ऐकू यायचं. तिसरीची पोरं, ती काय सोडतात होय. एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना ऐकलं, माझीच नक्कल चालली होती, आणि ती इतकी बेमालूम की मला क्षणभर वाटलं मीच बोलतेय.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला, गोळ्या दिल्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, धुळीपासून जपा म्हणाले. सुरतेत राहून धुळीपासून कसं जपायचं ते सांगितलं नाही. उठताना मी सहज विचारलं, ‘घरी वाफ वगैरे घेतली तर?’ ते म्हणाले, ‘घ्या की, हरकत नाही.’ घरी येऊन हे शेवटचं वाक्य मी सांगायला नको होतं. बाकीचं सगळं सासूबाईंनी कानाआड केलं आणि ‘हरकत नाही’ तेवढं उचलून धरलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला, की ओट्यावर पातेलं चढलेलं असे. पाण्यात ओवा, तुळशीची पानं, पुदिना, कुठून कुठून तोडून आणलेली निलगिरीची पानं. पातेलं स्वयंपाकघराच्या फरशीवर पाटावर ठेवायचं, मी समोर मांडी घालायची, डोक्यावरून जाड टॉवेल घ्यायचा आणि सासूबाईंनी बाहेरून टॉवेलच्या कडा दाबून धरायच्या, वाफ निसटू नये म्हणून. माझं वय चव्वेचाळीस. चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई मी, आणि घरी रोज माझं डोकं टॉवेलखाली कोंडलेलं.

वाफेनं भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण सकाळी सुंठ, मिरी, गवती चहा आणि गूळ घालून केलेला काढा. दुपारी सुट्टी असेल तर तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी नाकाला लावायची. तिनं एकदा नाकाचा शेंडा असा भाजला की आठवडाभर पोरांना नवीन विषय मिळाला. आणि रविवारी कपाळाला वेखंडाचा लेप. तो वाळला की कपाळ आवळून येतं, भुवया हलवता येत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते. दारात कोणी का असेना, कपाळावर पांढरा पट्टा घेऊन मीच दार उघडायचं.

मी चिडायचे. तोंडानं चिडायचे, भांडी आपटून चिडायचे. नवऱ्याला म्हणायचे, तुझ्या आईला सांग, मी काय तिच्या प्रयोगाची जागा आहे का. तो म्हणायचा, ‘अगं तिला बरं वाटतं.’ दुखणं मला आणि बरं तिला वाटायचं, हे गणित मला कधी सुटलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा जास्त चिडवणारी गोष्ट होती ती त्यांचा प्रश्न. मी टॉवेल बाजूला करून, घामानं निथळत, लाल तोंडानं बाहेर आले की त्या अगदी जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघत विचारायच्या,

“मोकयं झायं का?”

“झालं मोकळं.”

“वास येस का?”

म्हणजे वास येतो का. रोज. काढा प्याले की, लेप धुतला की, पुरचुंडी हुंगली की, वास येस का. नाही म्हटलं तर आणखी एक पातेलं चढणार हे पहिल्या आठवड्यातच मला कळलं. म्हणून मी ‘हो, येतो थोडा थोडा’ म्हणायला शिकले. खरं सांगायचं तर कधी यायचा, कधी नाही. वाफेनं काही त्यात फरक पडायचा नाही. पण मी ‘येतो’ म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचं, चला, सुटले. मग त्या म्हणायच्या, “पानी कशाले फेकानं, वाया जाई.” आणि माझ्यासमोरचं पातेलं स्वतःकडे ओढून, माझाच ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायच्या. माझी वाफ दहा मिनिटांत उरकायची. त्यांची पाणी पार कोमट होईपर्यंत चालायची. मी मनात म्हणायचे, काय ही काटकसर. दोन मूठ पाल्याचं गरम पाणी, तेही टाकवत नाही.

त्यांच्या औषधांचे डबे ओट्याच्या वरच्या फळीवर असतात. सगळे एकसारखे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, सुरतेत घारी नावाची मिठाई खातात, तिचे प्लास्टिकचे पांढरे डबे त्या धुऊन ठेवतात आणि त्यात सुंठ, वेखंड, बाळहिरडा, ओवा, जे काय असेल ते भरतात. मी नवी सून असताना उत्साहानं प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून, छान वळणदार अक्षरात नावं लिहिली होती. त्या हसल्या. त्यांना वाचता येत नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नाकाला बोट लावून म्हटलं होतं, “आपलं नाक शे नं.” डबा उघडायचा, वास घ्यायचा, कळतं. पट्ट्या तेलकट होऊन आपोआप गळून पडल्या.

आणि ते खरंही होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या नाकाला मान होता. खानदेशी घरांतल्या बायका मसाला भाजताना त्यांना बोलवायच्या. त्या कढईवर वाकून नुसत्या वासावरून ‘बस, आते उतार’ म्हणायच्या. तूप खवट झालं का, तान्ह्या बाळाचं पोट कशानं दुखतंय, ते त्यांना विचारायचं. खालची शेजारीण त्यांना मासी म्हणते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा मासीचं जास्त ऐकते. मला या मानाचाही राग यायचा, हे मान्य करते. मी डी.एड. करून बावीस वर्षं शिकवतेय, मला कोणी दारात येऊन काही विचारत नाही.

अलीकडे त्या मसाल्याला जायच्या कमी झाल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. एकदा त्यांच्यासमोर गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं आणि त्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. मी आतून धावत आले आणि खूप बोलले. त्यांनी पातेलं घासायला घेतलं. मी समजले की म्हातारपणी लक्ष राहत नाही.

यंदा उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर एका शनिवारी गावाकडून त्यांचा भाचा आला. त्यानं दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, दोन्ही पिशव्यांत तपकिरी-पांढरी पूड, एक सुंठ आणि एक वेखंड, गावच्या गिरणीतच दळून आणलेली. तोंडं सुतळीनं बांधलेली, वर खूण काही नाही. कोणती कुठली हे त्यालाही धड सांगता येईना. त्याच वेळी खालची शेजारीण दारात उभी. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता, आणि बाळंतिणीच्या लाडवांना सुंठ हवी होती. दुकानातली नको, मासीच्या गावची हवी. सासूबाईंनी दोन्ही पिशव्या सोडल्या, एकामागून एक नाकाशी नेल्या, डोळे मिटले, आणि एक पिशवी पुढे करून म्हणाल्या, “हाई सुंठ.” शेजारणीनं आणलेली वाटी भरून दिली. उरलेली सुंठीच्या डब्यात ओतली. मी पोळ्या लाटत होते, हे सगळं पाहत होते, आणि पीठ उडून मला शिंका येत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी काढा आला. नेहमीपेक्षा जास्त कडू लागला, पण बंद नाकानं सगळंच कडू किंवा काहीच नाही असं लागतं, त्यामुळे मी नाक न दाबताच ढोसून टाकला. अर्ध्या तासानं पोटात ढवळायला लागलं. मग मोरीत जी बसले ती उठलेच नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नवऱ्याची सकाळची शिफ्ट, तो घरी नाही. उरलेला काढा ओट्यावर तसाच ठेवून सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, “कफ निंघी राह्यना, निंघू दे.” कफ निघतोय. म्हणजे माझ्या उलट्यासुद्धा त्यांच्या औषधाचा गुण ठरल्या होत्या. मी तोंड धुतलं आणि तिथूनच म्हणाले, “बस झालं, आई. आजपासून काढा नाही, वाफ नाही, काही नाही. चार वर्षं छळ मांडलाय माझा.”

त्या काही उत्तर द्यायच्या आत बेल वाजली.

शेजारीण होती. हातात तीच वाटी. बाहेरच्या खोलीत येऊन ती जरा संकोचून म्हणाली, “मासी, आ सूंठ ज छे ने? मने तो घोडावज जेवी वास आवे छे.”

घोडावज म्हणजे वेखंड. तूप तापायला ठेवलं होतं, पूड घालायला घेतली आणि तिला वास वेगळा वाटला, असं ती सांगत होती. मी मोरीच्या दारात ओल्या तोंडानं उभी राहून ऐकत होते. सासूबाईंनी वाटी घेतली. अगदी नेहमीसारखी नाकाशी नेली, डोळे मिटले, लांब श्वास ओढला. मग वाटी परत देत शांतपणे म्हणाल्या, “सुंठच शे. नवी शे, म्हनीसन तसा वास येस.”

शेजारणीनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. स्वतःचं नाक जागेवर असून तिनं ते बाजूला ठेवलं. “तमे कहो तो बराबर,” म्हणाली आणि जायला वळली.

मी पुढं झाले आणि वाटीतली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. सकाळची चव. तीच कडू, जीभ बधिर करणारी, घशात उतरताना पोट वर आणणारी. वेखंड कपाळाला लावतात, तान्ह्या बाळाला सहाणेवर एखादा वळसा देतात, पण असं वाटीभर कोणी पोटात घेत नाही. चमचाभर मी घेतलं होतं तर माझी ही गत. खाली पाच-सहा दिवसांची बाळंतीण होती, तिचं दूध पिणारं पोर होतं, आणि तूप तापलेलं होतं.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. वेखंडाचा दर्प असा असतो की डबा उघडला तर शेजारच्या खोलीत कळावं. त्यांनी तो नाकाला लावून ओढला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. जळलेलं दूध आठवलं. मसाल्याला न जाणं आठवलं. सासूबाईंना वास येत नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आनंद झाला. चार वर्षांचा टॉवेल, भाजलेला शेंडा, कपाळावरचे पट्टे, सगळ्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार होतं. एवढं बोलायचं की यांना वासच येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं. परत कोणी दारात येऊन मासी म्हणून हाक मारली नसती. परत माझ्यासमोर पातेलं आलं नसतं.

मी तोंड उघडलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चिमूट जिभेवर ठेवलेली त्यांनी पाहिली होती. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं, आणि मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं म्हणून ते काय आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

“थांबा,” मी शेजारणीला म्हणाले. “ते वेखंडच आहे. माझी चूक झाली. त्या पिशव्या सोडायच्या आधी मीच फळी आवरायला घेतली होती, दोन्हीतलं एकमेकांत सांडलं. आईंना सांगितलंच नाही.”

कोणत्याही हुशार माणसानं विचारलं असतं की बांधलेल्या पिशव्यांतलं कसं सांडलं. पण लोकांना मासीचं चुकलं हे पटण्यापेक्षा माझं चुकलं हे पटायला सोपं. शेजारणीनं कपाळावर हात मारला. “टीचर थईने आवुं करो छो?” टीचर असून असं करता, म्हणाली, पुढे बरंच काही म्हणाली, बाळंतिणीच्या पोटात गेलं असतं तर काय झालं असतं ते सगळं म्हणाली, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ऐकत उभी राहिले. आणि तेवढ्यात सासूबाईंनी त्यात आपली भर घातली.

“हाई मास्तरीण शे,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “हिले सुंठ काय नि वेखंड काय.”

माझं पित्त खवळलं. मी त्यांची अब्रू पदरात झाकतेय आणि या माझीच फाडतायत. शेजारीण हसली, वाटी मोरीत रिकामी केली, दुकानातूनच आणते म्हणाली आणि गेली. मी दार लावलं ते जोरात लावलं.

“आई,” मी म्हणाले, “मी हे तुमच्यासाठी केलं नाही. तुम्ही त्या पोरीला वेखंड खायला घालणार होतात. तुम्हाला शंका आली होती की नाही? खरं सांगा.”

त्या खाली फरशीवर बसल्या. मग म्हणाल्या, “जिभवर ठेवाले पाहिजे व्हतं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकट्या असताना त्या प्रत्येक पूड जिभेवर ठेवूनच ओळखायच्या, बोटांत चोळून ओळखायच्या. नाकाशी नेणं फक्त लोकांसमोर. काल ती समोर उभी होती. आज परत ती समोर उभी होती. लोकांसमोर जीभ लावली तर लोक विचारतील, मासी, नाकाला काय झालं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तो ताप उना व्हता नं, तव्हयपासून.”

तो ताप म्हटलं की आता कोणाला वर्ष सांगावं लागत नाही. त्या दिवसांत महापालिकेच्या बायका दारोदार यायच्या, कपाळाला यंत्र लावायच्या आणि विचारायच्या, ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. आमच्या दारात आल्या तेव्हा सासूबाई दोन दिवस आतल्या खोलीत निजून होत्या, पण उठून, तोंडाला पदर लावून बाहेर आल्या होत्या. मी तिथंच होते. वास येतो का, या प्रश्नाला त्या ‘येस’ म्हणाल्या होत्या. नाही म्हटलं तर उचलून नेतील आणि परत कोणी दिसणार नाही, अशी भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. पुढे ताप गेला. वास आला नाही. येईल, येईल म्हणून त्या थांबल्या, आणि मग इतका उशीर झाला की सांगायची लाज वाटायला लागली.

“मला सांगायचं नाही का,” मी म्हणाले. आवाज चढलेलाच होता. “डॉक्टरकडे गेलो असतो. मी जातेच की.”

“कशाले? तुले तर घरनाच गुण पडी राह्यना व्हता.”

तुला तर घरच्याच औषधाचा गुण येत होता. मला आधी कळलं नाही त्या काय म्हणतायत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं, जणू ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे अशा सुरात सांगितलं, “तू रोज म्हनत व्हती, येस, थोडा थोडा वास येस. मी म्हनू, हिन्हं नाक उघडनं, मन्हं बी उघडी.”

मी तिथंच, त्यांच्यासमोर, फरशीवर बसले.

चार हिवाळे. रोज संध्याकाळी माझ्यानंतर त्या त्याच पातेल्यावर वाकायच्या, पाणी गार होईपर्यंत उठायच्या नाहीत. मी त्याला काटकसर म्हणत होते. काढ्याचं उरलेलं त्या प्यायच्या, पुरचुंडी विझेपर्यंत स्वतःच्या नाकाशी धरायच्या. आधी माझ्यावर करून बघायचं, गुण येतो का ते विचारायचं, आणि मग स्वतःवर. माझं दुखणं त्यांना काठीसारखं हातात धरून चालायला मिळालं होतं. स्वतःचं कोणाला दाखवता येत नव्हतं. आणि मी कटकट टाळायला रोज एक खोटं बोलत होते, आणि त्या खोट्यावर विसंबून ही बाई चार वर्षं पाला उकळत होती. मी एकदा जरी रागानं खरं सांगितलं असतं, की काही येत नाही वास, काही उपयोग नाही याचा, तर कदाचित त्यांनी तेव्हाच वेगळं काही केलं असतं. एवढी चिडणारी मी, आणि जिथं चिडून खरं बोलायला हवं होतं तिथं नेमकी गोड बोलले.

मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणाले, “या आठवड्यात डॉक्टरकडे दोघींचं नाव लावते.”

“मन्हं कशाले,” त्या म्हणाल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

दुपारी मी फळीवरचे डबे काढले. सुंठीच्या डब्यातलं वेखंड फेकलं. वेखंडासाठी आता घरातली एक पितळेची जुनी डबी शोधून काढली, वेगळ्या आकाराची, झाकणाला कडी असलेली. ती पुढं ठेवली, हाताला लागली की कळेल अशी. सासूबाई बघत होत्या. डबी हातात घेऊन कडी दोनदा हलवून पाहिली आणि ठेवून दिली. मी चिडलेलीच होते अजून. कोणावर ते नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर पातेलं चढलेलं. सकाळी मी ‘आजपासून वाफ नाही’ म्हणाले होते, ते एका दिवसात विसरलं गेलं होतं. पाला उकळत होता, पाट मांडलेला होता, टॉवेल घडी करून ठेवलेला होता, माझ्यासाठी.

“आज आधी तुम्ही,” मी म्हणाले.

त्या नको-नको करत होत्या, पण मी पातेलं त्यांच्यासमोर सरकवलं आणि टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला. उकळतं पाणी त्यांच्या वाट्याला चार वर्षांत पहिल्यांदाच आलं असेल. मी बाजूला बसले आणि टॉवेलच्या कडा दाबून धरल्या, त्या धरायच्या तशा. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. लांब, जोर लावून ओढलेला, मग थांबून पुन्हा ओढलेला. माझा हात भाजत होता, तो मी काढला नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. मी टॉवेलानं त्यांचं तोंड पुसलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

“येतो का वास?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझ्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, वाट बघितल्यासारखं. त्यांनी टॉवेल माझ्या हातातून घेतला, पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या,

“येस. थोडा थोडा.”